वेगळी चूल, तेच वारस: कंपनीचं ‘डिमर्जर’ होतं तेव्हा नक्की काय होतं?

१४ ऑक्टोबर २०२५. दिवाळी आठवड्यावर आलेली. सकाळी सव्वादहाला आमच्या सोसायटीतल्या काकांचा फोन आला. काका बँकेतून निवृत्त झालेले. पावणेचार वर्षांपूर्वी पाचशेच्या भावाने घेतलेले टाटा मोटर्सचे दोनशे शेअर त्यांनी अजून हलवलेले नाहीत.

“अरे, काल सहाशे साठ होता. आज चारशे दाखवतोय. घोटाळा झाला का काही?”

मोबाइलवर लाल अक्षरांत वजा चाळीस टक्के दिसलं की कुणाचाही चहा गार होईल. मी म्हटलं, “काका, घोटाळा नाही, वाटणी झालीय.”

“कुणाची?”

“ट्रकची आणि गाड्यांची.”

फोन वीस मिनिटं चालला आणि तरी काकांचं समाधान झालं नाही. त्यात त्यांची चूक नव्हती. गेल्या दोन-तीन वर्षांत रिलायन्स, आयटीसी, सीमेन्स, रेमंड, टाटा मोटर्स अशा एकामागून एक कंपन्यांनी आपले धंदे वेगळे काढले. प्रत्येक वेळी बातमीत एकच वाक्य असतं, ‘भागधारकांसाठी मूल्यनिर्मिती’. हे मूल्य नेमकं कुठून निर्माण होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

वाटणी, पण उलटी

एका कंपनीतला एक धंदा त्याच्या कारखान्यांसह, माणसांसह आणि कर्जासह उचलायचा, त्याची स्वतंत्र कंपनी करायची, आणि या नव्या कंपनीचे शेअर जुन्या कंपनीच्या शेअरधारकांना त्यांच्याकडे असलेल्या शेअरच्या प्रमाणात द्यायचे, याला डिमर्जर म्हणतात. अमेरिकेतल्या बातम्यांत याच प्रकाराला स्पिन-ऑफ म्हटलेलं दिसेल. मराठीत ‘विलगीकरण’ हा शब्द आहे, पण २०२० नंतर तो ऐकला की चौदा दिवस खोलीत कोंडल्यासारखं वाटतं. म्हणून आपण डिमर्जरच म्हणू.

गावाकडची वाटणी आपल्याला माहीत असते. सहा एकर रान, दोन भाऊ. थोरल्याला विहिरीकडचे तीन एकर, धाकट्याला ओढ्याकडचे तीन. तलाठ्याकडे फेरफार होतो, सातबारे वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात. डिमर्जरमध्येही रानाचे दोन तुकडे होतात आणि सातबारे दोन होतात. फक्त दोन्ही सातबाऱ्यांवर दोन्ही भावांची नावं पूर्वीसारखीच राहतात. रान वाटलं जातं, वारस वाटले जात नाहीत. काकांकडे काल संपूर्ण टाटा मोटर्सचा एक इवलासा हिस्सा होता. आज त्यांच्याकडे गाड्यांच्या कंपनीचा तेवढाच हिस्सा आहे आणि ट्रकच्या कंपनीचाही तेवढाच.

धंदा विकणं वेगळं. त्यात गिऱ्हाईक पैसे देतं आणि ते कंपनीच्या तिजोरीत जातात. आयपीओही वेगळा, कारण त्यात लोकांकडून पैसे घेऊन शेअर दिले जातात. डिमर्जरमध्ये बाहेरून एक रुपयाही येत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवली की पुढचा निम्मा गोंधळ संपतो.

मग भाव का पडला?

पडला नाही, मोडला. शंभराच्या नोटेचे सुट्टे करावेत तसा.

नव्या कंपनीचे शेअर कुणाला मिळणार हे ठरवण्यासाठी एक तारीख जाहीर होते, तिला रेकॉर्ड डेट म्हणतात. टाटा मोटर्सची रेकॉर्ड डेट १४ ऑक्टोबर होती. त्या दिवसापासून जुन्या शेअरमध्ये ट्रकचा धंदा धरलेला नसतो. मग ट्रकशिवायच्या शेअरची किंमत काय? हे ठरायला शेअर बाजार त्या दिवशी सकाळी नऊ ते दहा असं खास सत्र ठेवतो. लोक बोली लावतात आणि जिथे जास्तीत जास्त सौदे जुळतात तो भाव निघतो. राष्ट्रीय शेअर बाजारात आदल्या दिवशीचा बंद भाव ६६०.७५ रुपये होता, खास सत्रात निघाला ४००. मधले २६०.७५ रुपये म्हणजे बाजाराने ट्रकच्या कंपनीला दिलेली अंदाजी किंमत. काकांच्या दोनशे शेअरच्या हिशेबात ५२,१५० रुपये मोबाइलवरून दिसेनासे झाले, कारण ट्रकच्या कंपनीचे शेअर अजून बाजारात आलेले नव्हते. मोबाइलला वाटणी कळत नाही, त्याला फक्त कालचा आणि आजचा भाव कळतो.

ते शेअर १२ नोव्हेंबरला बाजारात आले आणि पहिलाच सौदा ३३५ रुपयांना झाला. म्हणजे महिन्याभरात २६० चे ३३५. हीच का ती मूल्यनिर्मिती? थोडीफार असेल. पण त्याआधी सप्टेंबरअखेरीस ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता आणि ट्रकवाल्यांच्या धंद्याकडे लोक नव्या आशेने बघत होते. श्रेय एकट्या वाटणीला देणं म्हणजे पाऊस पडला तो माझ्या छत्रीमुळे, असं म्हणण्यासारखं आहे.

बाहेरून पैसा येत नाही, तर वाढतं काय?

माझं मत आधीच सांगतो. डिमर्जरने पैसा तयार होत नाही, लपायची जागा संपते. फायदे त्यातूनच निघतात आणि तोटेही त्यातूनच.

एका दुकानात किराणा आणि पिठाची गिरणी दोन्ही आहेत आणि गल्ला एकच आहे, असं समजा. गिरणी तोट्यात चालली तरी संध्याकाळी गल्ल्यात पैसे दिसतात, कारण किराणा चालतोय. मालकाला गिरणीची हौस असेल तर किराण्याचे पैसे नव्या जात्यात जातात आणि कुणी विचारत नाही. आता गिरणी वेगळी करा, तिला वेगळा गल्ला द्या. पहिल्याच महिन्यात कळतं की पीठ किती पाण्यात आहे.

आयटीसीचं उदाहरण यात चपखल बसतं. सिगारेटमधून येणारा पैसा वर्षानुवर्षं पंचतारांकित हॉटेलं बांधण्यात जात होता. हॉटेलांना भांडवल भरपूर लागे आणि एकूण उत्पन्नातला त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आतच राही. गुंतवणूकदार बरीच वर्षं कुरकुर करत होते. अखेर १ जानेवारी २०२५ पासून हॉटेलं वेगळी झाली. आयटीसीच्या दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर मिळाला आणि जवळपास ४० टक्के हिस्सा मूळ कंपनीने स्वतःकडे ठेवला. हा ४० टक्क्यांचा हट्ट मला अजून पटलेला नाही. घर वेगळं करायचं आणि किल्लीची एक प्रत आपल्या कनवटीला ठेवायची, असला प्रकार. कंपनीचं म्हणणं होतं की नव्या कंपनीला स्थैर्य हवं आणि आयटीसीच्या नावाचं पाठबळ हवं. त्यात तथ्य असेलही.

दुसरा फायदा खरेदीदाराच्या बाजूचा. रेमंडचा शेअर घ्यायचा म्हणजे एकेकाळी सुटाचं कापडही घ्यायचं आणि ठाण्याच्या जमिनीवर उठणारे फ्लॅटही. ज्याला कापडातलं कळतं त्याला बांधकामाची भीती वाटते, आणि ज्याला बांधकाम हवं त्याला कापड नको असतं. मग दोघेही थोडा कमी भाव देतात. कडबोळं झालेल्या कंपनीला बाजार बेरजेपेक्षा कमी किंमत देतो तो असा. दुकानदार चांगल्या आंब्यांबरोबर न खपणारी पपई गळ्यात मारू लागला तर आपण भाव पाडून मागतोच की.

टाटा मोटर्समध्ये ही गुंतागुंत जास्तच होती. १९४५ साली ही कंपनी रेल्वे इंजिनं बनवण्यासाठी सुरू झाली, १९५४ पासून ट्रक बनवू लागली, १९९८ मध्ये इंडिका आली आणि २००८ साली तिने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. ट्रकचा धंदा देशातले रस्ते, खाणी, सिमेंट आणि मालवाहतूक यांच्या तालावर चालतो. छोट्या गाड्यांचा धंदा पगारदाराच्या हप्त्यावर. आणि जग्वार लँड रोव्हर ब्रिटन, अमेरिका, चीनमधल्या श्रीमंतांच्या मर्जीवर. वाशीच्या बाजारात माल उतरवणारा टेम्पो आणि लंडनमधली आलिशान गाडी एकाच शेअरमध्ये बांधली होती. मार्च २०२४ मध्ये विभागणी जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाली.

आकुर्डीची गोष्ट

फायद्याची बाजू सांगायला मराठी माणसाला लांब जायची गरज नाही. मे २००८ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या वाटणीतून निघालेल्या कंपन्या बाजारात आल्या, आणि माझ्या मते भारतातल्या डिमर्जरचा तो सगळ्यात शिकण्यासारखा धडा आहे.

त्याआधी ‘बजाज’ म्हणजे दुचाकी आणि रिक्षा. पण त्याच कंपनीच्या पोटात आणखी बरंच काही होतं. १९८७ साली मुख्यतः गाड्यांच्या हप्त्यांसाठी काढलेली एक छोटी वित्त कंपनी होती, २००१ पासून आलियान्झ या जर्मन कंपनीबरोबरचा विमा व्यवसाय होता आणि रोकडीचा मोठा साठाही होता. दुचाकीचा अभ्यास करणारा विश्लेषक विम्याकडे बघायचा नाही, आणि विम्याचा अभ्यास करणारा आकुर्डीकडे फिरकायचा नाही.

राहुल बजाज यांच्या वेळी झालेल्या या वाटणीत तीन भाग पडले. वाहनांचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे गेला, वित्त आणि विमा बजाज फिनसर्व्हकडे, आणि जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज या नावाने दोघांत मोठा हिस्सा धरून मागे राहिली. जुन्या एका शेअरमागे दोन्ही नव्या कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला. राजीव बजाज यांनी गाड्या सांभाळल्या, संजीव बजाज यांनी वित्त. ती छोटी वित्त कंपनी आज बजाज फायनान्स म्हणून ओळखली जाते आणि मोबाइलच्या दुकानात हप्त्याचा विषय निघाला की तिचं नाव निघतंच. गेल्या काही वर्षांत बाजारमूल्यात फिनसर्व्ह बजाज ऑटोच्याही पुढे गेली. दुचाकीच्या छपराखाली राहून ती एवढी वाढली असती का? खात्रीने सांगता येणार नाही, कारण न झालेल्या वाटणीचा इतिहास कुणी लिहीत नाही. पण स्वतःचा गल्ला, स्वतःचा कारभारी आणि स्वतःचा शेअर असला की पैसा उभा करणं आणि माणसं बांधून ठेवणं सोपं जातं, एवढं नक्की.

या गोष्टीला एक शेपूटही आहे. बजाज होल्डिंग्जकडे असलेल्या शेअरची एकूण किंमत काढली, तर होल्डिंग्जचा स्वतःचा बाजारभाव नेहमी त्याहून बराच कमी भरतो. नुसती तिजोरी सांभाळणाऱ्या कंपनीला बाजार पूर्ण मोल देत नाही. वाटणीनंतर मूल्य उघडं पडतं खरं, पण सगळीकडे सारखं नाही.

लार्सन अँड टुब्रोची २००३-०४ ची वाटणी याहून नाट्यमय. बिर्ला समूहातल्या ग्रासिमने २००१ साली रिलायन्सकडून एल अँड टीचे दहा टक्के शेअर घेतले आणि पुढे आपला हिस्सा वाढवला. त्यांना खरं म्हणजे सिमेंट हवं होतं. एल अँड टीचे तेव्हाचे प्रमुख ए. एम. नाईक यांच्या काळात तोडगा निघाला तो डिमर्जरचा. सिमेंटची वेगळी कंपनी झाली आणि तिचा ताबा ग्रासिमकडे गेला, तर ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले. ती सिमेंट कंपनी म्हणजे आजची अल्ट्राटेक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आवाळपूरच्या कारखान्यावरची पाटी तेव्हाच बदलली. परक्याच्या हाती घर जाऊ नये म्हणून एक खोली देऊन टाकायची, हाही डिमर्जरचा एक उपयोग.

दोन चुली म्हणजे दोन तवे

आता खर्चाकडे येऊ. दोन कंपन्या म्हणजे दोन संचालक मंडळं, दोन लेखापरीक्षक, दोन वित्तप्रमुख, दोन सभा, दोन वार्षिक अहवाल. पूर्वी सगळ्यांचा पोलादाचा सौदा एकत्र व्हायचा तेव्हा घासाघीस जोरात करता यायची, ती ताकद अर्धी होते. संगणक प्रणाली, जागा, पेटंट, नाव कुणी वापरायचं आणि किती पैसे मोजून, याचे करार वकील महिनोन्महिने लिहीत बसतात आणि त्यांची बिलंही येतात.

पण खरा तोटा बिलांचा नाही. एकत्र कुटुंबात एकाचं वर्ष वाईट गेलं तर दुसऱ्याच्या पिकावर घर चालतं. टाटा मोटर्समध्येच हे झालं होतं. २०१० नंतरची काही वर्षं जग्वार लँड रोव्हरच्या नफ्यावर देशातला धंदा तगला. मग २०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेची किंमत हिशेबाच्या पुस्तकात खाली आणावी लागली आणि एकत्रित तोटा सुमारे २७ हजार कोटी रुपयांवर गेला. अशा वेळी पाठीशी दुसरा धंदा असणं ही उशी असते.

वाटणी झाली आणि उशी गेली. वाटणी लागू होण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०२५ मध्ये, सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचे कारखाने काही आठवडे बंद पडले. तो फटका एकट्या गाड्यांच्या कंपनीच्या हिशेबात आला. गंमत म्हणजे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत तिने कागदावर सुमारे ७६ हजार कोटींचा नफा दाखवला! झालं असं की ट्रकचा धंदा शेअरधारकांना देताना लेखांकनाच्या नियमांप्रमाणे त्याची बाजारातली किंमत धरावी लागते. ती किंमत आणि पुस्तकातली जुनी किंमत यांतला फरक, सुमारे ८२,६०० कोटी, नफा म्हणून नोंदवला गेला. तो बाजूला काढला की खाली सहा हजार कोटींहून अधिक तोटा उरत होता. नफ्याचा तो मथळा वाचून ज्यांनी पेढे मागवले असतील त्यांनी ते लेखापालांना द्यावेत.

विहीर सामाईक राहिली तर

शेतीच्या वाटणीत भांडण बांधावरून होतं, त्याहून जास्त विहिरीवरून होतं. रान वाटता येतं, पाणी वाटता येत नाही. मग पाळ्या ठरतात आणि पाळ्या मोडतात.

२००५ साली अंबानी बंधूंची वाटणी झाली आणि रिलायन्सचे चार धंदे डिमर्जरने वेगळे होऊन धाकट्या भावाकडे, अनिल यांच्याकडे गेले. शेअरधारकांना एका शेअरमागे चारही नव्या कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला. त्यातल्या एका कंपनीचं भवितव्य थोरल्या भावाच्या कंपनीकडून येणाऱ्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या नैसर्गिक वायूवर अवलंबून होतं, आणि भाव कौटुंबिक करारात ठरलेला होता. सतरा वर्षांसाठी दर दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एककाला २.३४ डॉलर. पुढे त्यावरून खटला उभा राहिला. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वायू देशाचा आहे, त्याचा वापर आणि भाव यांबाबत सरकारचं धोरण चालेल, कुटुंबातला करार नाही. त्या छोट्या कंपनीच्या पायाखालची वाळूच सरकली आणि त्याच वर्षी ती समूहातल्या दुसऱ्या कंपनीत विलीन करण्यात आली. वाटणीत मिळालेली टेलिकॉम कंपनी, आरकॉम, २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

दोष डिमर्जरचा होता का? सगळा नाही. पुढचे निर्णय आणि पुढची कर्जं वेगळी. पण वेगळी झालेली कंपनी कच्च्या मालासाठी, गिऱ्हाइकासाठी किंवा नावासाठी जुन्या घरावर किती अवलंबून आहे, हे योजनेच्या कागदात शोधून वाचायला हवं. बातमीच्या मथळ्यात ते नसतं.

“मग कर्ज नको त्या कंपनीच्या गळ्यात मारत असतील!”

काकांची ही पहिली शंका, आणि ती रास्त आहे. सगळं चांगलं एका ताटात आणि सगळं कर्ज दुसऱ्या ताटात, असं करता येऊ नये म्हणून कायद्याने अटी घातल्या आहेत. डिमर्जरला करमाफी हवी असेल तर त्या धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी पुस्तकातल्या किमतीनेच जावी लागतात. एखाद्या धंद्यासाठी म्हणून न काढलेलं सर्वसाधारण कर्ज मालमत्तेच्या प्रमाणात वाटावं लागतं. आणि धंदा चालता असला पाहिजे, मोडीत काढलेला नाही. कंपनी कायद्यानुसार शेअरधारकांची आणि सावकारांची संमती लागते. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्य बाजूने हवेत आणि मूल्याने तीन चतुर्थांश. शेवटी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा शिक्का. टाटा मोटर्सला घोषणेपासून अंमलबजावणीपर्यंत दीड वर्ष लागलं ते यामुळेच.

तरीही नियम पाळून धंदा कमकुवत ठेवता येतो. कर्ज प्रमाणात वाटलं म्हणजे ते फेडायची ताकदही प्रमाणात वाटली गेली असं होत नाही. वेगळ्या झालेल्या कंपनीच्या पहिल्या ताळेबंदात कर्ज किती आणि धंद्यातून हातात येणारी रोकड किती, या दोन ओळी शेजारी ठेवून बघाव्यात.

कामगारांच्या बाबतीत अशा योजनांमध्ये सेवा अखंड धरली जाते आणि अटी पूर्वीपेक्षा वाईट होणार नाहीत असं लिहिलेलं असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये ट्रकही बनतात आणि गाड्याही, म्हणजे एकाच शहरातले शेजारी आता दोन कंपन्यांचे झाले. पुढचे पगारवाढीचे करार ज्याच्या त्याच्या कंपनीच्या नफ्यावर ठरतील. ज्यांचा धंदा जोरात त्यांना हे आवडेल.

लिस्टिंगनंतरचे पहिले दिवस

नवा शेअर बाजारात आला, म्हणजे त्याचं लिस्टिंग झालं, की तो बऱ्याचदा आधी पडतो, आणि लोक म्हणतात कंपनीत काहीतरी काळंबेरं आहे. रिलायन्समधून वेगळी झालेली जिओ फायनान्शियल आठवा. २० जुलै २०२३ च्या खास सत्रात रिलायन्स २८४१.८५ वरून २५८० वर आला, म्हणजे जिओ फायनान्शियलची किंमत निघाली २६१.८५. २१ ऑगस्टला तो मुंबई शेअर बाजारात २६५ ला सुरू झाला आणि लगेच एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त पडू न देणाऱ्या खालच्या मर्यादेला चिकटला. पुढचे दोन-तीन दिवसही तेच.

विकत कोण होतं? त्यात मोठा वाटा अशा फंडांचा होता जे निर्देशांकाची नक्कल करतात. रिलायन्स सेन्सेक्समध्ये आहे म्हणून त्यांच्याकडे रिलायन्स होता आणि म्हणून जिओ फायनान्शियल आपोआप आला. तो निर्देशांकातून निघणार, मग यांना विकणं भाग. त्यांना ना त्या कंपनीचा राग, ना लोभ. खालची मर्यादा लागत राहिल्यामुळे त्याला निर्देशांकातून काढण्याची तारीखच पुढे ढकलली गेली आणि तो १ सप्टेंबरला बाहेर पडला.

म्हणून पडलेला भाव म्हणजे स्वस्त माल, असंही समजू नका. रेमंड लाइफस्टाइल सप्टेंबर २०२४ मध्ये तीन हजारांच्या आसपास सुरू झाला आणि मार्च २०२५ पर्यंत निम्म्याहून खाली गेला. तिथे फंडांची विक्री हे पुरेसं कारण नव्हतं, कापडाचा धंदाच मंदावला होता. विकणारा नियमामुळे विकतोय की धंदा बघून, एवढा फरक कळला तरी पुष्कळ.

कर लागतो का?

अटी पाळून झालेल्या डिमर्जरमध्ये नवे शेअर मिळाले म्हणून कर लागत नाही. कर लागतो विकताना. मुदतही जुना शेअर घेतला त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे नवा शेअर दुसऱ्या दिवशी विकला तरी जुनी वर्षं धरली जातात.

चूक होते ती खरेदीच्या किमतीत. अनेकांना वाटतं, नवा शेअर फुकट मिळाला म्हणजे त्याची खरेदी किंमत शून्य. तसं नाही. मूळ किंमत दोन्हींत वाटली जाते आणि ही वाटणी बाजारभावाने होत नाही, धंद्यांच्या पुस्तकी किमतीने होते. टाटा मोटर्सने जाहीर केलेलं प्रमाण गाड्यांच्या कंपनीला ६८.८५ टक्के आणि ट्रकच्या कंपनीला ३१.१५ टक्के असं आहे. बाजाराने त्या सकाळी साधारण साठ-चाळीस ठरवलं होतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, पण विवरणपत्रात चालतो तो पहिलाच. रिलायन्स आणि जिओ फायनान्शियलचं प्रमाण ९५.३२ आणि ४.६८ होतं. कंपनीच्या संकेतस्थळावर हे पत्रक असतं, ते उतरवून ठेवा. दहा वर्षांनी विकताना शोधायला बसलात तर सापडेलच असं नाही.

आयटीसी हॉटेल्ससारखं दहाला एक असं प्रमाण असेल आणि तुमच्याकडे सतरा शेअर असतील तर एक शेअर मिळतो, उरलेल्या सातांच्या तुकड्याचे पैसे बँकेत येतात. छोटी रक्कम असते. कुठून आली म्हणून घाबरून बँकेत धावू नका.

आणि नावाचा घोळ

नोव्हेंबरात काका डीमॅटचा, म्हणजे शेअर जमा असतात त्या खात्याचा कागद घेऊन घरीच आले. त्यावर आता दोन ओळी होत्या, दोन्हींसमोर दोनशे. एक ‘टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स’, दुसरी ‘टाटा मोटर्स’.

“यातली माझी जुनी कुठली?”

हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. कायद्याच्या दृष्टीने जुनी कंपनी म्हणजे गाड्यांची. तिनेच नाव बदलून पॅसेंजर व्हेइकल्स केलं, आणि ट्रकसाठी काढलेल्या नव्या कंपनीला ‘टाटा मोटर्स’ हे जुनं नाव मिळालं. म्हणजे जुन्या कंपनीचं नाव नवं आणि नव्या कंपनीचं नाव जुनं.

काकांनी चष्मा पुसला, खिशातली छोटी वही काढली आणि दोन रकाने आखले. पाचशेचे ६८.८५ टक्के, ३४४.२५. उरले १५५.७५. दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली आणि विचारलं, “आता पुढच्या वर्षी सभेला दोनदा जायचं का?”

“ऑनलाइन असते काका आता.”

“अरेरे,” ते म्हणाले, “म्हणजे खाऊचा डबा दोनदा मिळायचा होता, तोही गेला.”